किकरला आठ गुण

लाइल हौगेनने कागदी थाळीच्या मागच्या बाजूवर तिसऱ्यांदा बेरीज केली. उत्तर तेच आलं. गेल्या हंगामाचे गुण नव्या नियमाने मोजले तरी तो शेवटचाच.

त्याला काही उमजेना. समोर ड्वेन कुबियाक फळ्यावर नियम लिहीत होता. लीगचा कारभारी तोच. गॅरेज त्याचं, फळा त्याचा, फ्रीजमधली बिअरही बहुधा त्याचीच. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी नियमांची बैठक, हे वीस वर्षांपासून ठरलेलं. नदीकाठच्या कागद गिरणीतले आठ मित्र, आणि प्रत्येकाचा कागदावर निवडलेला एक संघ. अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू रविवारी मैदानात हाडं मोडून घेणार, आणि त्यांच्या गुणांवर हे आठ जण इथे टीव्हीसमोर बसून मिशीला पीळ देणार.

"पन्नास यार्डांपलीकडून गोल मारला तर किकरला पाचाऐवजी आठ गुण," ड्वेन म्हणाला. "कुणाची हरकत?"

"आठ?" पाओ वांग हसला. किकर म्हणजे सामन्यात दोन-चारदा येऊन चेंडू लाथाडून जाणारा गडी. "मग पाणी आणून देणाऱ्यालाही दोन देऊन टाक की लेका."

"तू गप रे. नियम चांगला आहे." एवढं बोलून ड्वेनने लाइलकडे बघून डोळा मारला.

त्या डोळा मारण्यानेच लाइलचा गोंधळ झाला होता. काल दुकानात भेटला तेव्हाही ड्वेन खांद्यावर हात टाकून म्हणाला होता, "काळजी करू नकोस, यंदा नियमच असा आणतो की तुझं भलं होईल." भलं कसं होणार होतं ते त्याने सांगितलं नव्हतं, आणि लाइलनेही विचारलं नव्हतं.

लागोपाठ तीन वर्षं शेवटचा आला की त्या माणसाची जागा जाते, असा या लीगचा दंडक. लाइल गेली दोन्ही वर्षं शेवटचा आला होता. दंडकच काढून टाकावा तर नॉर्म डेकर आडवा येणार. नियम बदलायला आठही हात वर लागतात, आणि सहा वर्षांपूर्वी याच दंडकाने नॉर्मच्या सख्ख्या भावाची, रॉयची, जागा गेली होती. रॉय त्यानंतर या गल्लीतसुद्धा फिरकला नाही. माझ्या भावाला लागू झाला तो नियम सगळ्यांना लागू, असं नॉर्म दरवर्षी म्हणतो, आणि त्यावर कुणाला तोंड उघडता येत नाही.

म्हणून ही आडवाट. लाइलला ती कळायला वेळ लागला, पण कळली. मित्र त्याच्यासाठी गुणांची मोडतोड करत होते. मग गुण वाढत का नव्हते?

त्याला भीती वाटली. दोन वर्षांपूर्वी बायको, मार्लीन, वारल्यापासून आठवड्यातून एकदाच कुणी त्याची वाट बघायचं, ते इथे, रविवारी दुपारी. ही खुर्ची गेली तर रविवारचं काय करायचं हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

"ड्वेन," तो म्हणाला, "मी करून बघितलं. तरी मी शेवटचाच."

"असं कसं होईल? तुझ्याकडे नेहमी सगळ्यात भारी किकर असतात!"

ड्वेनने थाळी हिसकावून घेतली. त्याने स्वतः आकडेमोड केलीच नव्हती. किकर म्हणजे लाइल, हे या गॅरेजात इतकं मुरलेलं होतं की तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. हंगामाआधी खेळाडू निवडताना बाकीचे किकरला शेवटच्या फेरीत, उरलासुरला म्हणून घ्यायचे. लाइल तिसऱ्या फेरीत घ्यायचा. सगळे खो खो हसायचे आणि डिसेंबरात तोच जिंकायचा. चार वेळा जिंकला होता.

"गेल्या वर्षी भारी किकर होता नॉर्मकडे," थाळीवरून मान वर करत ड्वेन म्हणाला. "या नियमाने तर नॉर्म पहिला येतो."

"मग माझी काही हरकत नाही," नॉर्म म्हणाला. तो विनोद होता की नाही हे नेहमीप्रमाणेच कुणाला कळलं नाही.

"पण लाइल, तू किकर घ्यायचं सोडलंस कधी?" ड्वेनने विचारलं.

"मी कधी घेतलेच नव्हते."

पाओने बाटली खाली ठेवली.

"मार्लीन निवडायची," लाइल म्हणाला. "पहिल्या वर्षापासून. यादी करून माझ्या खिशात घालायची आणि मी वाचून दाखवायचो. दर आठवड्याला कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं, तेही तीच ठरवायची. ही दोन वर्षं तेवढी माझी."

"चारही वेळा..." ड्वेन म्हणाला.

"चारही वेळा ती जिंकली."

"मग ती इथे आली का नाही कधी?"

याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. बायकांना या गॅरेजात मज्जाव नव्हता. वीस वर्षांत कुणी बोलावलं मात्र नव्हतं. ड्वेन फळ्याकडे वळला आणि उगाचच कोपरा पुसत राहिला.

"म्हणजे अठरा वर्षं तू इथे बसून नुसता ओरडत होतास?" पाओने विचारलं.

"तुम्ही ओरडलात की ओरडायचो."

पाओ हसला, मग हसू आवरून म्हणाला, "पण वेळेवर ओरडायचास हां."

"माझी जागा द्या दुसऱ्या कुणाला," लाइल उठत म्हणाला. "तशीही ती माझी नव्हतीच."

"बस खाली," नॉर्म म्हणाला.

त्याचा आवाज काही मऊ नव्हता. लाइल बसला.

"दोनदा शेवटचा आलास ते तूच आलास. त्यात सूट नाही. यंदा पुन्हा आलास तर जाशील, रॉय गेला तसाच." नॉर्म फळ्याकडे वळला. "आणि ड्वेन, तो आठाचा खुळचटपणा पुस. असल्या दयेने माणूस टिकत नाही."

ड्वेनने नियम पुसला. नॉर्म आपली खुर्ची फरफटत घेऊन आला आणि लाइलच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसला. रॉयसाठी त्याने एवढं केलं नव्हतं, हे त्या क्षणी गॅरेजातल्या प्रत्येकाच्या मनात आलं असावं. त्याच्या स्वतःच्याही.

"निवड पुढच्या शनिवारी आहे. आठ दिवस आहेत आपल्याकडे," तो म्हणाला. "मैदानात एका बाजूला अकरा गडी असतात. एवढं तरी ठाऊक आहे ना?"

सवयीने लाइलची मान होकारार्थी हलायला लागली. मग ती मध्येच थांबली.

"तिथूनच सांग," तो म्हणाला.