दस्त क्रमांक सदतीस

१९३८च्या उन्हाळ्यात गोरेगावच्या इतिहास-संग्रह मंडळाकडे एक कपाट, एक सतरंजी, पाच सभासद आणि छत्तीस दस्त होते. मी फारुक, मंडळाचा दफ्तरदार. अध्यक्ष गुलाम नबीचाचा धंद्यानं जिल्दसाज. लोक पुस्तकं बांधायला टाकायचे, न्यायला विसरायचे, आणि आमचं ग्रंथालय वाढायचं. दस्त मात्र अस्सल होते. क्रमांक चार हा घोड्याच्या खोकल्यावरचा काढा. क्रमांक नऊ म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या एका लग्नाला कोण कोण आलं नाही त्याची यादी. ही यादी मला फार आवडते. आलेल्यांचा इतिहास कुणीही लिहील.

सोमवारी दारात नेमसिंग उभा राहिला. साखऱ्याच्या माळावर त्याचा तीस घरांचा तांडा.

"फारुकभाई, कागद पायजे. विहिरीचा. जुना."

"किती जुना?"

"दगडोबा पाटलाच्या कागदापेक्षा जुना."

भानगड अशी होती. तांड्याखालच्या विहिरीवर तीन पिढ्या तांडाच पाणी भरत आलेला. यंदा दगडोबा पाटलांनी जाहीर केलं की विहीर त्यांच्या आजोबांनी बांधली. तसा एक कागदही काढला आणि विहिरीभोवती काट्यांचं कुंपण घातलं. तांड्यातल्या बाया दोन कोसांवरून पाणी आणत होत्या. गुरुवारी तहसीलदार साखऱ्याच्या चावडीवर येणार, दोन्हीकडचा पुरावा बघणार आणि विहिरीचा निकाल देणार.

"हरलो तर तांडा हलवावा लागंल," नेमसिंग म्हणाला. "पान्याबिगर कोन ऱ्हातं?"

मी आणि चाचांनी दोन दिवस कपाट उपसलं. छत्तीस दस्तांत विहीर एकदाच सापडली, आणि तिच्यात तो खोकणारा घोडा पडला होता.

बुधवारी नेमसिंगला विचारलं, "तुमच्या तांड्यात काहीच कागद न्हाई ठेवला?"

"आमी कागद न्हाई ठेवत," तो म्हणाला. "आमी जिवनबाईला ठेवतो."

जिवनबाई त्याची चुलत आजी. सत्तरी उलटलेली, अंगावर आरशांची ओढणी, गालात तंबाखू. तांडा बैलांवर मीठ-धान्य वाहायचा त्या काळात ती लहानपणी बैलांमागं चाललेली. तेव्हा चालता चालता मुक्कामांचं गाणं म्हणायचे. कुठल्या मुक्कामाला पाणी कुठं, गोड की मचूळ, विहीर कुणाची, पायऱ्या किती, सगळं त्या गाण्यात. ते आता तिला एकटीलाच येत होतं.

मी नियमांची वही उघडली. नियम मीच लिहिलेले, त्यामुळं ते मला पटायचे. 'ज्यात जुनी माहिती टिकून आहे असा कोणताही पदार्थ म्हणजे दस्त.' पदार्थ हा शब्द मी एखादा ताम्रपट चालून येईल या आशेनं घातला होता. ताम्रपट आला नाही. चालून आली ती जिवनबाई, त्याच दुपारी नेमसिंगबरोबर.

चाचा घाबरले. "फारुक, अरे, जिल्द कशी बांधायची हिची?"

"बांधूनच आल्यात, चाचा. ओढणी बघा की."

नोंद केली. दस्त क्रमांक सदतीस. कोपरे झिजलेले, मजकूर शाबूत. जिवनबाईनं अंगठा उठवला आणि विचारलं, "लेकरा, मला आता त्या कपाटात बसावं लागंल का?"

"न्हाई, मावशी. जागा न्हाई."

"मंग बराबर हाय."

आता मजकूर तपासायचा म्हणून तिला सतरंजीवर बसवलं. दुसऱ्या मुक्कामाला गाणं थांबलं. परत सुरू केलं, परत तिथंच थांबलं.

"बसून न्हाई आठवत," ती म्हणाली. "पाय चालले की तोंड चालतं."

मग ती खोलीभर चालायला लागली आणि गाणं असं सुटलं की चाचांनी सुईदोरा खाली ठेवला. मी निश्चिंत झोपलो. पुराव्याचा स्वभाव एकदा कळला की काळजी उरत नाही.

गुरुवारी चावडीत टेबलामागं तहसीलदार, बाजूला त्यांचा कारकून, दारात चपराशी खाजा मिया. दगडोबा पाटलांनी कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं: विहीर आमची. एवढंच, पण अक्षर सुबक होतं.

"आणि तांड्याचा दस्त?" तहसीलदारांनी विचारलं.

मी जिवनबाईला पुढं केलं आणि नोंदवही उघडून ठेवली. त्यांनी नोंद वाचली, जिवनबाईकडं बघितलं, पुन्हा नोंद वाचली.

"ये क्या मजाक है?"

"जी नाही, सरकार. क्रमांक आहे, अंगठा आहे. फक्त हा दस्त चालवून वाचावा लागतो."

ते काही बोलायच्या आत जिवनबाई चालू लागली होती. चावडीत मोकळी जागा फक्त टेबलाभोवती. ती टेबलाला फेऱ्या घालत गाऊ लागली. एका फेरीला एक मुक्काम. गाणं तांड्याच्या बोलीत, म्हणून नेमसिंग मराठीत अर्थ सांगायचा. कारकून लिहायचा आणि मान फिरवायचा. पाचव्या फेरीला तहसीलदारांनी नकाशा मागवला. आठव्या फेरीला त्यांचं बोट नकाशावर तिच्या मागं मागं चालत होतं, कारण ओढे आणि कोस बरोबर जुळत होते. अकराव्या फेरीला कारकुनाची मान अडकली आणि लिहिणं माझ्याकडं आलं.

"ह्यो काय तमाशा!" दगडोबा पाटील म्हणाले. "म्हातारीला चक्कर यील."

"मला न्हाई येत," जिवनबाई फेरीतच म्हणाली. "तुमी बसा सावलीला."

चौदाव्या फेरीला साखऱ्याचा माळ आला. नेमसिंगनं एकेक ओळ सांगितली. इथं आमच्या हातांनी विहीर खणली. पायऱ्या एकोणीस. सतराव्या पायरीला दगड कमी पडला, तेव्हा तांड्यातल्या हिरकीनं आपल्या जात्याची वरची तळी, वरचा दगड, दिली. त्या रात्री तांड्यानं कोरडी ज्वारी भाजून खाल्ली.

तहसीलदारांनी हात वर केला. जिवनबाई जागच्या जागी पाय हलवत राहिली, गाणं पुसलं जाऊ नये म्हणून.

"पाटील, विहिरीला पायऱ्या किती?"

"बारा, सरकार."

"आणि पाण्याखाली?"

"पान्याखाली पानी असतं, सरकार."

विहीर कधी आटलीच नव्हती, म्हणून बाराव्या पायरीच्या खाली काय आहे हे कुणी बघितलं नव्हतं. सगळी चावडी विहिरीवर गेली. काट्यांचं कुंपण पाटलांच्याच गड्यानं बाजूला केलं. नेमसिंग उतरायला निघाला, तर तहसीलदार म्हणाले, "तुम्ही नाही. माझा माणूस."

त्यांचा माणूस म्हणजे खाजा मिया. त्यानं आयुष्यात पाणी फक्त पेल्यात बघितलेलं. कमरेला दोर बांधला आणि तो एकेक पायरी मोजत उतरला. "तेरा, सरकार. चौदा. थंड है, सरकार. पंधरा." सोळाव्या पायरीला पाणी कमरेला आलं. "सतरा," तो म्हणाला आणि किंचाळला, "सरकार! पकड लिया! पाँव पकड लिया!"

पाटील चार पावलं मागं सरले. दोर ओढला तर खाजा मिया जोरात ओरडला, सोडला तर हळू ओरडला. मधला काही पर्याय नव्हता. शेवटी नेमसिंगनं उडी टाकली, खाली चाचपलं आणि तोंडावरचं पाणी पुसत वर आला.

"कुनी पकडलं न्हाई. जात्याच्या भोकात अंगठा अडकलाय."

सगळ्यांनी जिवनबाईकडं बघितलं. ती काठावर अजून पाय हलवतच होती.

गोडं तेल मागवून अंगठा काढला. मग कडेला धरून खाजा मियानं उरलेल्या पायऱ्या मोजल्या. एकोणिसाव्या पायरीला तो हनुवटी वर करून मोजत होता.

"पोरांनी बुडी मारून बघितलं आसंल," पाटील म्हणाले. "मंग गानं रचलं."

"मग जातं पायरीत कुणी घातलं?" तहसीलदारांनी विचारलं.

"आमच्या आज्यानं. आमच्याकडं जात्याची कमी न्हवती."

"खालची तळी कुठाय?"

पाटलांनी गड्याकडं बघितलं. नेमसिंग म्हणाला, "माझ्या दारात हाय, सरकार. आमी तिच्यावर बसतो."

तळी आणली. सहा माणसं लागली, चार वाहायला आणि दोन सल्ला द्यायला. पाण्यातल्या तळीचं माप दोरीनं घेतलं, तीच दोरी हिच्यावर लावली. एका बोटाचाही फरक नव्हता. तहसीलदारांनी ती दोरी स्वतः तीनदा लावून बघितली आणि मला म्हणाले, "लिहा."

मी लिहिलं. विहीर तांड्याची. कुंपण काढावं. दगडोबा पाटलांना पाणी भरायला मनाई नाही.

"म्हंजी?" पाटलांनी विचारलं. "आमी आता इचारून भरायचं?"

"इचारायची गरज न्हाई, पाटील," नेमसिंग म्हणाला. "ओळीत उभं ऱ्हायचं."

तांड्यातून बाया घागरी घेऊन उतरत होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी बातमी पोचली होती. पाटलांनी जरा वेळ काठावर विचार केला. मग गड्याला खूण केली, आणि तो अकरा घागरींच्या मागं जाऊन उभा राहिला.