इंजिनासकट विकणे आहे

मी एक जुनी, डिझेलवर चालणारी हौशी नौका आहे. हौशी म्हणजे मासे पकडायला नाही, माल वाहायला नाही, तर सुट्टीच्या दिवशी चार माणसांना घेऊन समुद्रावर भटकायला जाणारी. माझ्या कठड्याला एक पाटी टांगली आहे, ‘विकणे आहे’. वारा सुटला की ती माझ्याच अंगावर आपटत राहते आणि मला दिवसभर आठवण करून देते. मित्रांनो, स्वतःच्या गळ्यात अशी पाटी अडकवून उभे राहणे कसे असते हे तुम्हाला कळायचे नाही, आणि कळूही नये. म्हणून ते मीच सांगते.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. फायबरचे कापड अंथरायचे, वर चिकट राळ फासायची, पुन्हा कापड अंथरायचे, असे थरावर थर देऊन कारागिरांनी माझे अंग घडवले. त्या राळेचा वास इतका उग्र होता की कारागिरांच्या बायका त्यांना अंघोळ केल्याशिवाय घरात घेत नसत. मग आत लाकडी जमीन आली, झोपायला फळ्या आल्या, एक इवलेसे स्वयंपाकघर आले. तरीही मी खरे सांगायचे तर एक मोठा टबच होते. मग एके दिवशी क्रेनच्या साखळीला लोंबकळत इंजिन आले आणि माझ्या पोटात बसले. ते पहिल्यांदा धडधडले तेव्हा माझ्या खिळ्याखिळ्यातून झिणझिण्या गेल्या. आपण कुणीतरी आहोत, असे मला त्या दिवशी वाटले.

मला ज्यांनी विकत घेतले त्यांचे चष्म्याचे दुकान होते. सगळे त्यांना कप्तान म्हणत. आधी चेष्टेने म्हणत, कारण दुकानदार माणूस पांढरी टोपी घालून मिरवतो याचे लोकांना हसू यायचे. पुढे त्यांनी मला भर वाऱ्यात एकही ओरखडा न पडता धक्क्याला आणून लावले, तेव्हापासून तेच लोक मनापासून कप्तान म्हणू लागले. लाटा अडवणारा दगडी बांध ओलांडला की कप्तान खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायचे, परत डोळ्यांवर चढवायचे आणि म्हणायचे, “हां, आता दिसतंय!” आठवडाभर गिऱ्हाइकांना ‘दिसतंय का?’ असे जे विचारायचे, त्याचे उत्तर ते रविवारी माझ्याजवळ देत.

त्यांची लेक उलट्या बादलीवर उभी राहून माझे चाक धरायला शिकली. कप्तानांची बायको मात्र कधी बांधापलीकडे आली नाही. तिला बोट लागायची. साधीसुधी नाही, मी धक्क्याला बांधलेली असताना नुसते इंजिन चालू केले तरी तिच्या पोटात ढवळायचे. ती धक्क्यावरूनच जेवणाचा डबा हातात द्यायची आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत उभी राहायची. धक्क्यावरची सगळी मंडळी तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते.

ते दिवस सुखाचे होते. शेजारच्या बोटीचे मालक, निवृत्त झालेले भूगोलाचे मास्तर, माझ्या इंजिनाचा आवाज ऐकून म्हणायचे, “शिलाई मशीन आहे शिलाई मशीन!” मी त्यावर खूश असायची. थोडी शेफारलेही होते.

मग कप्तानांना छातीचे दुखणे जडले. डॉक्टरांनी समुद्र बंद केला. तरी ते वहिनींचा हात धरून दर रविवारी यायचे. माझे दोर तसेच ठेवून इंजिन चालू करायचे, डेकवर घडीची खुर्ची टाकून अर्धा तास बसायचे आणि इंजिन बंद करून घरी जायचे. बाहेर जाता येत नव्हते, निदान आवाज तरी ऐकावा, एवढेच त्यात होते. वहिनी दुसऱ्या टोकाला तोंडाला रुमाल लावून बसलेल्या असायच्या. एकदा कप्तान माझ्या चाकावर हात ठेवून पुटपुटले, “असं रिकामं फिरवून तुझ्यात काजळी धरतेय, माहीत आहे मला. बरा झालो की तुला बाहेर काढून मोकळी करतो.” पण ते बरे झाले नाहीत.

लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात गेलेली होती. तिने आईला समजावले, बोट विकून टाक. वहिनींनी मान डोलावली आणि पाटी लागली. पण पाटी लागली तरी रविवार चुकला नाही. उलटी होऊ नये म्हणून गोळी घेऊन त्या यायच्या, कप्तान करायचे तसेच इंजिन चालू करायच्या, त्याच घडीच्या खुर्चीत डोळे मिटून अर्धा तास बसायच्या. मग घाम पुसत उठायच्या आणि म्हणायच्या, “झालं गं बाळा. आता आठवडाभर काळजी नाही.”

मित्रांनो, डिझेलच्या इंजिनाला कष्ट लागतात. पाणी कापायला लावले, घाम गाळायला लावला तर त्याच्यात घातलेले तेल पुरते जळते. जागेवर रिकामे फिरवले की ते अर्धवट जळते, आणि उरलेल्याची काजळी आत साचत जाते. वहिनींना यातले काही माहीत नव्हते. त्यांनी आपल्या माणसाला जसे करताना पाहिले, तसे त्या अगदी मनोभावे करत होत्या. त्यांच्या प्रेमाने माझा श्वास कोंडत होता आणि ते मला सांगता येत नव्हते.

दोरांचे तर विचारूच नका. खलाशांची गाठ एका झटक्यात सुटते. वहिनींना ती येत नव्हती, म्हणून त्या गाठोडे बांधतात तशी गाठ मारायच्या. पुढच्या रविवारी मनात धाकधूक झाली की तिच्यावर दुसरी मारायच्या. नवा दोर आणून जुन्याच्या जोडीला लावायच्या. मला भरती-ओहोटीला जेमतेम वर-खाली होता येई. बांधाच्या फटीतून दुसऱ्या बोटी बाहेर जाताना दिसत, संध्याकाळी परत येताना दिसत, आणि त्यांच्या लाटेने मी जागच्या जागी हिसके खाई. तळाला शेवाळ धरले. मला पुढे ढकलणाऱ्या तळाच्या पंख्यावर शिंपले बसले. आपल्याला पंखा आहे हेच मी विसरायला लागले होते.

मास्तरांना राहवत नसे. ते विचारायचे, “वहिनी, एकदा बाहेर फिरवून आणू का हिला? बांधून बांधून नासेल हो.”

“नको मास्तर,” वहिनी म्हणायच्या. “माणूस गेलं. आता हीसुद्धा कुठे बुडली-बिडली तर मला सोसायचं नाही.”

मास्तर आपली बादली उचलून आत जायचे.

मला विकायचे काम एका दलालाकडे होते. त्याला अत्तराची भारी हौस. तो धक्क्याच्या पायऱ्या उतरायच्या आत मला कळायचे की आज गिऱ्हाईक आहे. काय काय नमुने आले! एक जण कलिंगड निवडावे तसा टकटक करत माझ्याभोवती फिरला. एका बाईंनी सगळ्या गाद्या हुंगल्या. एका जोडप्याने माझ्या टोकाला उभे राहून तऱ्हेतऱ्हेचे फोटो काढले आणि मग सांगितले की आम्ही सहज बघायला आलो होतो. पण जे खरेच घ्यायला येत, ते शेवटी म्हणत, “इंजिन चालू करून दाखवा.” मग मी खोकायची. काळा, दाट धूर निघायचा. पांढऱ्या पँटवर ठिपके घेऊन एक साहेब तावातावाने निघून गेले.

मग दलालाने डोके लढवले. गिऱ्हाईक यायच्या बरेच आधी येऊन तो इंजिन तापवून ठेवू लागला, म्हणजे पहिला धूर निघून गेलेला असेल. पण पुढचे गिऱ्हाईक त्याच्याहून वस्ताद निघाले. त्याने आत वाकून इंजिनावर सरळ तळहात ठेवला. “हे गरम कसं?” एवढेच विचारले आणि तो शिडी उतरला. दलाल त्याच्या मागे ‘अहो ऐका तर’ करत धावला. मला शरमेने बुडावेसे वाटले, पण दोर इतके होते की तीही सोय नव्हती.

आणि मग हॉटेलवाला आला. त्याने इंजिनाकडे बघितलेच नाही. पावलांनी माझी लांबी मोजली, केबिनच्या खिडक्या उघडझाप करून पाहिल्या आणि खूश झाला.

“इंजिन दाखवू ना?” दलालाने घाबरतच विचारले.

“इंजिन काय करायचंय? ते काढून भंगारात देऊ. तिथे फ्रीज आणि शेगड्या बसतील. हॉटेलच्या बागेत काँक्रीटचा ओटा घालतो आणि त्यावर हिला पक्की बसवतो. वर टेबलं. लोकांना गंमत वाटेल.”

वहिनी पुढे झाल्या. “म्हणजे ही पाण्यात नसणार?”

“पाण्याचा संबंधच नाही, काकू.”

“बुडायची भीती नाही?”

“जमिनीवर बोट बुडते का कुठे? हलणारसुद्धा नाही.”

वहिनींचा जीव भांड्यात पडला. इतक्या महिन्यांत मी त्यांना असे हसताना पाहिले नव्हते. माझ्या कठड्यावरून हात फिरवून त्या म्हणाल्या, “सुटलीस गं बाई!” त्या खरोखर माझ्यासाठी आनंदल्या होत्या. मला किंचाळावेसे वाटत होते, पण माझा भोंगासुद्धा दुसऱ्याने दाबल्याशिवाय वाजत नाही.

सोमवारी क्रेन येणार असे ठरले. आदल्या दिवशी वहिनी शेवटचे इंजिन चालू करायला आल्या, आणि सोबत त्यांची लेक होती. तिच्या केसांत एक पांढरी बट आली होती. ती आत न येता दोरांकडेच बघत राहिली.

“आई, हे काय बांधलंयस? ही बोट आहे की गाठोडं?”

“असू दे. आज शेवटचाच दिवस.”

“म्हणूनच म्हणते, मी हिला बांधाच्या बाहेर एक चक्कर मारून आणते.”

“अजिबात नाही!”

“उद्या हिचं पोट फाडणार आहेत, आई. एकदा तरी नेऊ दे.”

“आणि तुला काही झालं तर? मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?” वहिनींनी दोर घट्ट धरला. “ते गेले. तू लांब. ही एक समोर असते, तीसुद्धा दोर लावून धरलीय म्हणून.”

लेकीने आईचा हात धरला. मग म्हणाली, “तर मग तूही चल. जे व्हायचं ते दोघींचं होईल.”

“मला लागते.”

“बांधलेल्या बोटीवरही लागतेच ना? घेतलीयस ना गोळी?”

वहिनी ‘नाही’ म्हणाल्या नाहीत, एवढे मास्तरांना पुरले. त्यांनी आपल्या बोटीवरून धक्क्यावर उडी मारली आणि वहिनींचे मन बदलायच्या आत सुरीने दोर कापायला घेतले. त्या गाठी सोडवत बसले असते तर क्रेन आली असती.

लेकीने इंजिन चालू केले आणि पंख्यावर शिंपले घेऊन मी म्हातारीसारखी रखडत निघाले. बांध मागे पडला. लेकीने हळूहळू वेग वाढवला, आणि माझ्या मागे काळाकुट्ट ढग उठला.

“आग! आग लागली गं!” वहिनी कठड्याला मिठी मारून ओरडल्या.

“आग नाही, आई. काजळी आहे. आत कधीची साचलीय.”

“साचेल कशी? मी एक रविवार चुकवला नाही!”

“बांधून ठेवून चालू केलंस ना. त्याने साचते.”

“त्यांनीच तसं केलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत.”

“बाबा आजारी होते गं, आई,” लेक हळूच म्हणाली. “त्यांना तेवढंच जमत होतं.”

वहिनी मटकन खाली बसल्या. लेकीने वेग कमी केला नाही. मी खोकत होते, काळे ओकत होते, आणि मित्रांनो, खरे सांगते, जन्मात मला इतके बरे वाटले नव्हते. काळा धूर करडा झाला, करडा विरळ झाला, आणि मग मागे फक्त पाण्याचा पांढरा पट्टा उरला. इंजिनाचा आवाज एकसारखा लागला. मास्तरांची शिलाई मशीन पुन्हा चालू झाली होती.

बऱ्याच वेळाने वहिनींनी मान वर केली. समोरून वारा येत होता. त्यांनी पोटावर हात ठेवून अंदाज घेतला.

“मला लागली नाही,” त्या एखाद्या लहान मुलीसारख्या म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा पडला आणि त्या रडू लागल्या. “इतकी वर्षं मी धक्क्यावरून डबा देऊन परत गेले. एकदा तरी येऊन बघायचं होतं गं मी. त्यांना किती आवडलं असतं!”

लेकीने एका हाताने चाक धरले आणि दुसऱ्या हाताने आईला जवळ घेतले.

परतताना वहिनींनी तिथूनच दलालाला फोन लावला. तो पलीकडून किती ओरडत होता ते मलाही ऐकू येत होते. “काकू, असं गिऱ्हाईक परत मिळायचं नाही!” वहिनी म्हणाल्या, “नाही तर नाही. हिला चालवणारा आला तरच देईन.” सोमवारी क्रेन आली नाही. हॉटेलवाल्याने बागेत एक जुनी बस बसवली म्हणे. ती बिचारी कशी असेल, याचा विचार अजून माझ्या मनात येतो.

माझे सगळे छान झाले असे मात्र समजू नका. लेक तिच्या शहरात परत गेली. मी अजून त्याच धक्क्याला बांधलेली असते, दोर अजून काचतात. उद्या कोण मला घेईल, कुठे नेईल, ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, मित्रांनो. तुमच्या घरात एखादी सायकल, एखादी बाजाची पेटी, एखादे जुने यंत्र असेल, तर त्याला नुसते पुसून झाकून ठेवू नका. त्याच्याकडून काम करून घ्या. आणि तुम्हाला जमत नसेल, तर ज्याला जमते त्याच्या हाती द्या.

माझी पाटी वहिनींनी स्वतःच्या अक्षरात नवी लिहिली आहे, ‘इंजिनासकट विकणे आहे’. मला बघायला खुशाल या. फक्त रविवारी येऊ नका. रविवारी मास्तर शेजारी उभे असतात, चाक वहिनींच्या हातात असते, आणि मी जागेवर नसते.