व्हर्लिनचा न दिसणारा खड्डा

ग्रेचेन पुट्झ कॉफीचा कप घेऊन हिरवळीवर आली, तेव्हाच व्हर्लिन गुस्टाडने ओळखलं की आज काही खरं नाही. हॉलबर्ग गावातल्या सगळ्या बागा आणि मैदानं तिच्या ताब्यात. सुट्टीच्या शनिवारी ती पार्कात उगवली म्हणजे भांडायलाच आली असणार.

"सोमवारी गावसभेत बंदी आणतेय," ती सरळच म्हणाली. "इथे मेटल डिटेक्टर नाही, खोदणं नाही. परवा गवत कापायचं मशीन खड्ड्यात अडकलं."

"तो खड्डा आमचा नाही."

"खड्ड्यावर नाव लिहिलेलं नसतं, व्हर्लिन."

व्हर्लिनची बायको मार्सेला वारल्यापासून घरात बोलायला एक रेडिओ होता, आणि तोही दुधाचे भाव सांगायचा. बँडस्टँडसमोर एके काळी माणसं गवतावर बसून बँड ऐकायची आणि खिशातली नाणी सांडायची. तिथे दर शनिवारी दोस्त लॉइडबरोबर डिटेक्टर फिरवायचा, नाण्यांवरून भांडायचं, एवढाच त्याचा विरंगुळा. तो गेला तर मागे उरणार काय?

"अगं, व्हर्लिन खड्डा खोदत नाही, ऑपरेशन करतो," शेजारी उभा लॉइड म्हणाला.

"मग लावू पैज," व्हर्लिन म्हणाला. "पाठ फिरव. मी खोदतो आणि बुजवतो. जागा सापडली तर माझा डिटेक्टर मीच कचऱ्यात टाकतो. नाही सापडली तर बंदी विसरायची."

ग्रेचेन लहानपणी तो चालवायचा त्याच शाळेच्या बसमधून जायची. म्हातारा शब्दाला जागतो हे तिला ठाऊक होतं. तिने पाठ फिरवली.

व्हर्लिनने कानातलं श्रवणयंत्र काढलं आणि हेडफोन चढवले. डिटेक्टर वाजला तसा गुडघ्यांवर बसला. गवत तीन बाजूंनी कापलं, चौथी बाजू तशीच ठेवली आणि डब्याचं झाकण उघडावं तसं उलटलं. माती सगळी टॉवेलवर, गवतावर एक कण नाही. तळाशी साधं एक सेंटचं नाणं निघालं. मग टॉवेलची टोकं धरून माती परत ओतली, झाकण लावलं, मुठीने दाबलं आणि शाळेत निघालेल्या पोराचा भांग पाडावा तसं गवत बोटांनी विंचरलं.

"फिर!"

ग्रेचेनने सगळीकडे चालून पाहिलं, बुटाने दाबून पाहिलं. शेवटी गुडघ्यांवर बसून नाक जमिनीला लावलं. कॉफी गार झाली.

"हरले," ती म्हणाली.

लॉइड नाचायला लागला, त्यावरून व्हर्लिनला निकाल कळला. श्रवणयंत्र घालायला त्याने हात खिशात घातला. खिसा रिकामा. कान रिकामा. मग त्याचा चेहरा पडला. यंत्र टॉवेलच्या कोपऱ्यावर ठेवलं होतं, आणि टॉवेल तर...

"लॉइड, मी माझा कान पुरला!"

आता तोच आपला खड्डा शोधू लागला. सापडेल तर शपथ. लॉइड हसून हसून खालीच बसला.

"हसतोस काय! यंत्र माझ्या लेकीने घेऊन दिलंय, फाडून खाईल मला!"

लॉइडने हेडफोन ग्रेचेनच्या डोक्यावर चढवले. "हरलीस ना? मग शोध तूच."

"मी? छे!" ती म्हणाली, पण डिटेक्टर हातात घेतलासुद्धा.

आधी बाटलीचं बूच निघालं. पुढे जिथे वाजलं, तिथे व्हर्लिनने आपलं झाकण अचूक ओळखलं, अलगद उघडलं आणि यंत्र पुसून कानात घातलं. त्याचा जीव भांड्यात पडला.

"चला, कॉफी माझ्याकडून."

"थांबा! इथे काहीतरी वेगळंच वाजतंय." ग्रेचेनने त्याची खोदायची सुरी हिसकावली आणि बटाटे काढावेत तशी सुटली.

"अगं, आधी तीन बाजू काप..."

ऐकतंय कोण! माती लॉइडच्या बुटांवर, माती बाकावर. शेवटी ती किंचाळलीच. तळहातावर जुना चांदीचा डाइम, दहा सेंटचं नाणं, इतकी वर्षं मातीत राहूनही चकचकीत.

नेमक्या त्याच वेळी कुत्र्याला फिरवत मिसेस झिलिन्स्की आल्या. पार्कातल्या निम्म्या तक्रारी त्यांच्याच.

"हेच! अस्सेच खड्डे! लाज नाही वाटत, व्हर्लिन? सोमवारी सगळ्यांसमोर सांगते की नाही बघ!"

व्हर्लिनने मागे पाहिलं. ग्रेचेन त्याच्याआड ओणवी, मूठ घट्ट मिटलेली. पोरीची नोकरी, गावात तोंड दाखवायचं. आपण काय, म्हातारे. त्याने टोपी काढली. पैज जिंकूनही पार्क गेलंच, हे त्याला कळत होतं.

"चुकलंच माझं. लगेच बुजवतो."

"त्यांना बोलू नका," मागून आवाज आला. ग्रेचेन उभी राहिली. कोपरापर्यंत चिखल, नाकावर चिखल. "हा खड्डा माझा आहे."

मिसेस झिलिन्स्कींनी ग्रेचेनकडे पाहिलं, मग खड्ड्याकडे. कुत्रं तेवढं भुंकलं.

"सोमवारी मीच सांगेन," ग्रेचेन म्हणाली. "बंदी नाही. ज्याला खोदायचंय त्याने आधी व्हर्लिनकडे शिकायचं."

व्हर्लिनने टॉवेल पसरला.

"बस मग गुडघ्यांवर," तो म्हणाला. "तीन बाजू काप. चौथीला हात लावलास तर बसमधून उतरवीन!"

तिने कापलं. चौथी बाजूही कापली गेली.

"पुन्हा," व्हर्लिन म्हणाला. कुठल्याही चांदीच्या नाण्याने त्याला इतका आनंद दिला नव्हता.