सव्वादोन मीटर

घरात आमच्या ह्यांचा लग्नानंतरचा एकही फोटो नव्हता. लग्नाला एकतीस वर्षं झाली, तीन अल्बम भरले, आणि तिन्हींत मी, मुलगी, मुलीची सायकल, शेजाऱ्यांचं मांजरसुद्धा. फोटो काढणारे हेच, मग हे दिसणार कुठून?

सहा महिन्यांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दुसरा झटका कधीही येऊ शकतो. तेव्हापासून मी एकच धसका घेतला होता: माणूस जाईल आणि माझ्याकडे त्याचा आत्ताचा चेहरासुद्धा उरणार नाही.

मोबाईल पुढे केला की हे मान फिरवायचे. त्यात फोटो लगेच दिसतो ना, वाकड्या तोंडासकट. शेवटी एकदा वैतागून म्हणाले, "काढायचाच असेल तर माझ्या कॅमेऱ्यानं काढ. नीट शीक आणि काढ."

घ्या! मी हॉटेलच्या लाँड्रीत सकाळी सहापासून अडीचपर्यंत उभी राहून इस्त्रीच्या रुळांत चादरी सोडते. घरी येईपर्यंत पायांचे खांब झालेले असतात. मग ह्यांची आंघोळ, जेवण, गोळ्या, बोटांच्या व्यायामाचा चेंडू. त्यात आता हे शिक्षण. तरी कपाटातून त्यांचा तो जुना, फिल्मवर चालणारा रेंजफाइंडर कॅमेरा काढला. काळाकुट्ट, आणि हातात धरला की मनगट दुखावं इतका जड.

हे जन्मभर सर्व्हेअर. जमिनी मोजून मोजून स्वभावही तसाच झालेला.

"फिल्मची जीभ त्या खाचेत घाल. अगं, खेचू नकोस, चादर नाहीये ती! आता लिव्हर फिरव. डावीकडची चकती फिरतेय का?"

"फिरतेय."

"दर वेळी बघायचं. ती फिरली नाही तर फिल्म सरकत नाही, मग छत्तीसच्या छत्तीस फोटो पाण्यात."

मी इमानेइतबारे दर वेळी चकती बघायची. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी होती, तिला डोळा लावायचा. मधल्या पिवळट चौकोनात ह्यांची दोन नाकं दिसायची. भिंगाची रिंग हळूहळू फिरवत न्यायची आणि दोन्ही नाकं एकावर एक बसली की फोकस लागला. सांगायला सोपं आहे. दिवसभर वाफेत राहिलेल्या डोळ्यांना ती नाकं कुठली ऐकतायत? कधीकधी एका फोटोला दहा मिनिटं जायची.

"सव्वादोन मीटर," मी रिंग थांबवली की हे म्हणायचे. रिंगेवरचा आकडाही तेच सांगायचा.

"नुसत्या नजरेनं कळतं, तर आधीच सांगायचं ना!"

"तू बघून लाव."

रोज चार वाजता, खिडकीतलं ऊन त्यांच्या खुर्चीवर आलं की आमचा वर्ग भरायचा. दिवसाला एक फोटो, फार तर दोन. माझी चिडचिड व्हायची, नाही असं नाही. पण त्या चौकोनात मला त्यांची डावी भुवई दिसली. ती पांढरी झाली होती, कधी कोण जाणे. सहा महिने मी तो चेहरा पुसत होते, त्याची दाढी करत होते, त्याला भरवत होते. बघितला मात्र नव्हता.

रोल संपायला महिना लागला. शहरात फिल्म धुणारं एकच दुकान उरलंय. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन, दोन बस बदलून तिथे गेले आणि धुऊन होईपर्यंत बाकावर बसून राहिले. लॅबवाल्यानं फिल्मची पट्टी उजेडात धरली. एकही चित्र नाही, सगळी कोरी.

"चकती फिरत होती का, बाई?"

"दर वेळी."

त्यानं माझा कॅमेरा हातात घेतला आणि भिंगावरून नखानं काहीतरी काळं, गोल उचकटलं. मला वाटलं मोडलाच ह्यानं.

"झाकण आहे हे," तो म्हणाला. "ह्या कॅमेऱ्यात आपण भिंगातून बघत नाही, वरच्या खिडकीतून बघतो. त्यामुळे झाकण असलं तरी आपल्याला सगळं छान दिसतं. नवीन माणूस हमखास फसतो. एरवी समोर बसलेला सांगतो म्हणा, त्याला दिसतंच."

परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली, पण बसवेना. घरी आले ती तडक त्यांच्या खुर्चीपुढे.

"झाकण दिसत होतं तुम्हाला?"

हे खिडकीबाहेर बघायला लागले.

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"छत्तीस फोटो! मी पाय ओढत घरी येते, डोळे फोडून घेते, आणि तुम्ही मजा बघत बसलात?"

झटक्यानंतर त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो. त्या दिवशी जरा जास्तच लागला.

"मजा नाही गं. तुला फोटो हवाय तो माझ्यामागे भिंतीवर लावायला. कळतं मला. तो मिळाला की तुझं काम झालं. मग पुन्हा गोळ्या, टॉवेल, चेंडू." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "फोकस लावताना तू माझ्याकडे बघतेस."

मला रडू आलं. राग होता तो होताच, त्यात हे रडू. त्या क्षणी मी इतकी दमले होते की दोन्हींपैकी एकही धड जमेना. तोंड धुतलं आणि पिशवीतून नवा रोल काढला. येताना आणलाच होता, हट्टी मीही कमी नाही. जीभ खाचेत घातली, चकती फिरलेली बघितली. मग झाकण नखानं काढलं आणि त्यांच्या चांगल्या हातात दिलं.

"धरा हे. आणि आता काही चुकलं तर तोंडानं सांगायचं."

माझ्या खुर्चीत बसून डोळा लावला. दोन नाकं. रिंग फिरवत गेले. ओढलेलं तोंड तसंच समोर होतं, पण ह्या वेळी त्यांनी ते लपवलं नाही. नाकं एकावर एक बसली.

"सव्वादोन," ते म्हणाले.

"फोटो काढून मी लगेच उठणार नाहीये."

"पाय दुखत असतील तुझे."

"दुखतायत. म्हणूनच बसणार आहे."

बटण दाबलं. मग कॅमेरा मांडीवर ठेवला आणि तशीच त्यांच्याकडे बघत बसले.