राणीच्या जागी एर्सिलिया

रंगमंचावर जांभळा रंग चालत नाही.

कमरेत वीतभर कमी पडणारा रेशमी झगा.

ओर्लिंदो न्हावी दाढी करताना तोंड उघडत नाही. रविवारी ऑपेराच्या वरच्या गॅलरीत बसला, की मात्र भलेभले गायक त्याला टरकून असतात.

राणीचं काम करणाऱ्या मोठ्या बाईंचा घसा बसला.

हे सगळं एकाच रविवारी, कास्तेलबोंदाच्या ऑपेरागृहात, एर्सिलिया बोंदावाल्लीच्या वाट्याला आलं. तिची उमर दासीच्या भूमिकांत गेली होती. राणीची सगळी गाणी तिला तोंडपाठ. पण गायला मिळायची एकच ओळ, ‘बाईसाहेब, गाडी तयार आहे.’

मॅनेजर घाम पुसत आला. “आज राणी तू. वरून नापसंतीच्या शिट्ट्या आल्या, तर उद्यापासून जन्मभर दासी. समजलं?”

“समजलं. झगा कुठाय?”

झगा अर्ध्या पाठीवर अडला तो अडलाच. मग एर्सिलियानं घरून स्वतःचा ठेवणीतला झगा मागवला. तो निघाला जांभळा. नायकाचं गाणाऱ्या टेनर गास्पारेनं अपशकुन टळावा म्हणून खिशातली लोखंडी किल्ली मुठीत आवळली.

“मी नाही बाहेर जायचो! मागं एकीनं जांभळी फीत लावली होती, तर झुंबर खाली आलं.”

“कुणाच्या डोक्यात?”

“कुणाच्याच नाही. पण आलं ना?”

शेवटी एर्सिलियाला बसेल असा एकच पोशाख उरला. दासीचा. आणि आज दासी होणाऱ्या देल्मा नावाच्या काटकुळ्या पोरीला चढवला राणीचा झगा. तो तिला असा बसला, जणू तिच्यासाठीच शिवलाय.

पडदा उघडला. समोर रेशमात देल्मा. एर्सिलिया ऐटीत आत आली, झगा पाहिला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं गुडघे आपोआप वाकले. सुरात, खणखणीत, तिनं गाऊन टाकलं, “बाईसाहेब, गाडी तयार आहे!”

वाद्यं थांबली. देल्मा घाबरून पुटपुटली, “काकू, ते माझं होतं.”

वरून ओर्लिंदोचा आवाज आला, “अगं एर्सिलिया, आज राणी तू! बस की गाडीत!”

सगळं ऑपेरागृह खदखदून हसलं. विंगेत मॅनेजरनं भिंतीला डोकं टेकलं. एर्सिलियाला वाटलं, संपलं. मग तिलाच हसू फुटलं. ती उठली, एप्रन सोडून देल्माच्या हातात दिला आणि वर पाहून म्हणाली, “ओर्लिंदो, आता गप्प बस. मला गायचंय.”

गॅलरीला असं आजवर कुणी बोललं नव्हतं. ओर्लिंदो चक्क खाली बसला.

ती गायली. वरचा सूर आला तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत, हात पसरले नाहीत; कपाटावरची बरणी काढावी तसा तो सूर काढला आणि धरून ठेवला. गास्पारेची किल्ली हातातून गळून पडली, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

गाणं संपलं. वर चिडीचूप. शिट्टी येण्याआधी अशीच शांतता असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“पुन्हा!” ओर्लिंदो ओरडला.

“पुन्हा गाणं आमच्या नियमात नाही!” विंगेतून मॅनेजर.

“मग नियमाला गायला लाव!”

मॅनेजरनं वर पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि हात हलवला, गा बाई.

एर्सिलिया पुन्हा गायली; आयुष्यात पहिल्यांदा गायली होती तशीच, भातखाचरात, गुडघाभर पाण्यात, तण काढणाऱ्या बायकांबरोबर.