कोनाड्यातले गोटे

प्रणालीनं टिफिनचा डबा परातीत उपडा केला, तसे सगळे गोटे खडखडत चहूकडे पळाले. एक तर टेबलाच्या काठावरून उडी मारून थेट स्वानंदीच्या चपलेशी जाऊन थांबला.

"अगं हळू! चिंचोके आहेत का ते?" स्वानंदीनं वाकून तो उचलला. "क्लबची संपत्ती आहे, अध्यक्षबाई."

"कशी ओतायची ते अध्यक्षबाईच ठरवतील," प्रणाली म्हणाली आणि जुना टूथब्रश पाण्यात बुडवून एकेक गोटा घासायला बसली.

गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी वर्गात 'हजर' म्हणतानासुद्धा घशातल्या घशात विरघळायची. मग विज्ञान प्रदर्शनात दगडांवर बोलायला तिला बळेच उभं केलं, आणि ती अशी काही बोलली की अख्खा हॉल गप्प झाला. तेव्हापासून तिचा आवाज जो चढला तो खाली यायलाच तयार नव्हता. अकरावीत येताच तिनं दगड गोळा करणाऱ्यांचा क्लब काढला, स्वतःला अध्यक्ष नेमलं आणि पहिली सहलही ठरवून टाकली. पनागरच्या पुढच्या टेकड्यांतली गोऱ्या दगडाची जुनी, बंद पडलेली खाण. भेडाघाटला ज्याचे हत्ती नि गणपती कोरून विकतात, तो साबणासारखा मऊ दगड तिथं निघायचा, आणि त्याच्या सोबतीनं चमचमणारे स्फटिक.

भूगोलाच्या मॅडमची एकच अट होती: खाणीतलं कळणारं मोठं माणूस बरोबर हवं. प्रणालीनं भर वर्गात सांगून टाकलं, "माझे आबा येतील." आबा म्हणजे तिच्या आईचे वडील, गुणवंत आबा. तरुणपणी ते त्याच खाणीत एका पाळीचे मुख्य होते आणि म्हातारपणी आता लेकीकडे राहत होते. प्रणालीनं विचारलं तेव्हा ते फक्त "पाहू" म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले.

"आबा नाही म्हणाले तर?" स्वानंदीनं मोबाइलवरच्या नकाशात बोट फिरवत विचारलं. "सगळ्यांनी टोप्या घेतल्या. मी तर बाबांच्या पेटीतून हातोडी पण उचलली. देख, नाक मत कटवाना."

"काहून नाही म्हणतील? हे गोटे पाहिले की बघ, पायाला भिंगरी लागते की नाही त्यांच्या."

गेल्या रविवारी दोघी स्कूटीवरून जागा पाहून आल्या होत्या. खाणीच्या तोंडाशी, आत शिरताना उजव्या हाताला, खडकात कोरलेला एक कोनाडा होता आणि त्यात हे गोटे धुळीखाली ओळीनं बसलेले होते. मधाच्या रंगाचे, दुधी, राखाडी, एक गडद लाल, त्याच्या पोटावर पांढरी रेघ. भर दुपार, आजूबाजूला चिटपाखरू नाही. ओढणीनं धूळ पुसून प्रणाली आनंदानं किंचाळलीच. आतून तिचाच आवाज परत आला, पण जरा उशिरा. दोघी हसल्या. मग का कोण जाणे, भराभर डबा भरून निघाल्या.

चहाच्या वासावर आबा बाहेर आले.

"आबा, ओळखा पाहू!" प्रणालीनं परात पुढे सरकवली.

आबांनी खुर्ची मागे ओढली, पण बसले नाहीत. हात खुर्चीच्या पाठीवरच राहिला.

"कुठून आणले?"

"तुमच्याच खदानीतून! तोंडाशी तो कोनाडा आहे ना, तिथं कोणीतरी मांडूनच ठेवले होते. हा आकीक आहे, हो ना? आणि हा..."

"तिथले नाहीत हे."

"आबा, मी माझ्या हातानं उचलले."

"तिथं गोरा दगड निघतो. इतका घासून गोल झालेला गोटा डोंगरात कुठून येईल? नर्मदेचे आहेत हे."

प्रणालीचा ब्रश थांबला. गोल दगड म्हणजे पाण्याचा दगड, हे तिनंच तर त्या हॉलमध्ये सगळ्यांना ठासून सांगितलं होतं. तिचे कान तापले.

"मग तिथं कोणी ठेवले?"

आबा परातीवर वाकले. हात पाठीमागे बांधलेले, जणू चुकूनही स्पर्श होऊ नये. "हा सुखलालचा," ते म्हणाले. "हा कोदूचा. हा दुधी बैसाखूचा. नवंनवं लग्न झालं होतं. भानुमतीनं, त्याच्या बायकोनं, घाटावर हिंडून शोधून दिला होता त्याला."

स्वानंदीनं हातातला गोटा हळूच परातीत ठेवला आणि हात कुर्त्याला पुसला.

"खाली उतरणारा प्रत्येक जण घरून आपला गोटा आणायचा," आबा सांगू लागले. आवाज अगदी सपाट होता. "कोनाड्यात ठेवायचा नि आत जायचा. बाहेर आला की उचलायचा, खिशात टाकायचा, घर गाठायचं. घरची बाई आधी खिसा चाचपायची, मग ताट वाढायची. दुसऱ्याच्या गोट्याला कोणी हात लावत नसे. ज्याचा त्यानंच उचलायचा. म्हणून तर आजवर होते तिथं."

"म्हणजे ही सगळी माणसं..."

"खालच्या बोगद्यात पाणी फुटलं. हवेसाठी पाडलेल्या वरच्या भोकातून मी निघालो. ते नाही निघाले."

स्वयंपाकघराच्या दारात प्रणालीची आई, नंदा, चहाचा ट्रे धरून उभी होती. ती किती वेळ तशी उभी होती कोणाच्या लक्षात आलं नाही.

एका गोट्याचं नाव आबांनी घेतलंच नव्हतं. प्रणालीनं लाल गोट्याकडे बोट दाखवलं.

"हा?"

आबा शेवटी खुर्चीत बसले. "कोनाड्यापाशी बायका उभ्या होत्या. हलत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत जाऊन माझा मी कसा उचलू? तसाच घरी आलो. इंदिरानं, तुझ्या आजीनं, खिसा चाचपला. रिकामा होता, तरी ताट वाढलं. पण त्यानंतर..."

"दार," नंदा म्हणाली. "म्हणून होय ते! आई रोज तिन्हीसांजेला दार उघडून उंबऱ्यात बसायची. तुम्ही आत पेपर वाचत असायचे, बाबा. मी म्हणायची, आई, कोणाची वाट पाहून राहिली? तर म्हणे, यायचे आहेत अजून."

आबांनी मान खाली घातली. नंदानं ट्रे ठेवला, पण चहा कोणी उचलला नाही.

"मी उद्याच परत ठेवून येते," प्रणाली म्हणाली. तिचा आवाज पुन्हा घशात जाऊन बसला होता.

"तू नाही. मी ठेवतो."

"आणि तुमचा तुम्ही उचला, आबा. तिथूनच."

"पाहू," आबा म्हणाले.

सकाळी नंदानं गाडी काढली. पनागरच्या बाजाराजवळ कोथिंबिरीनं आणि मेथीनं लादलेल्या हातगाड्यांतून वाट काढत ती पुढे कच्च्या रस्त्याला लागली. टेकडीपाशी वाट अरुंद झाली, तशी नंदा गाडीजवळच थांबली. प्रणालीनं गोट्यांची पिशवी खांद्याला अडकवली आणि आबांना हात दिला. त्यांनी तो घेतला नाही. वाट पायाला ठाऊक असल्यासारखे ते पुढे चालू लागले.

प्रणाली मात्र बिचकली. रविवारी इथं गुडघाभर गवत होतं. आज ते कापून वाट झाडलेली होती, तिच्यावर पाणी शिंपडलेलं होतं. खाणीच्या तोंडासमोर एक खोपटं होतं. त्या दिवशी ते बंद पाहून दोघींना ओसाड वाटलं होतं. आज त्यातून धूर निघत होता, आणि दारात एक म्हातारी तांदळाचे खडे निवडत बसली होती. अंगावर ठेवणीतलं पिवळं लुगडं, कपाळाला टिकली, सुकलेल्या मनगटांवर नव्या कोऱ्या हिरव्या बांगड्या.

तिनं डोळ्यांवर हात धरला आणि उठून उभी राहिली.

"बाबूजी! तुम भी निकल आए!"

"भानुमती?"

"हओ." ती हसली. "इतवार को भाजी लेके पनागर गई थी. लौटी तो क्या देखूँ, पूरा आला खाली पड़ा है!" तिनं रिकाम्या कोनाड्याकडे बोट केलं. "एक भी नहीं बचा. सब अपना-अपना उठा ले गए. तुम्हारा भी तो यहीं धरा था, बाबूजी. तुम्हारा किसने उठाया?"

प्रणालीच्या खांद्यावरची पिशवी एकदम जड झाली. चूक तिची होती, सांगायला हवं होतं तिनंच. सांगणं तर तिला आता जमत होतं, भर हॉलमध्ये जमलं होतं. तिनं तोंड उघडलं. "चाची, वो..."

आबांचा हात मध्ये आला. तिच्याकडे न बघताच त्यांनी पिशवीत हात घातला, चाचपडले, आणि लाल गोटा बाहेर काढून तळहातावर धरला.

"मैंने," ते म्हणाले.

भानुमतीनं पांढऱ्या रेघेवरून एक बोट फिरवलं. मग ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशाकडे बघत राहिली. आबांनी गोटा खिशात टाकला. तिनं वरून खिसा चाचपला, एकदा, हलकेच, आणि मान डोलावली.

"और हमारे वाले?"

खाणीच्या तोंडातून गार हवा येत होती. भर उन्हात प्रणालीच्या पोटऱ्यांवर काटा आला.

"साथ ही निकले थे," आबा म्हणाले. "आते होंगे."

"वो तो हमेशा के ढीले हैं!" भानुमतीनं लटक्या रागानं हात झटकला, बांगड्या वाजल्या. "कहीं बीड़ी फूँकने बैठ गए होंगे. तुम बैठो, भात चढ़ा रही हूँ. बिटिया, तू भी बैठ."

वाटेच्या कडेला एक सपाट दगड होता. आबा त्यावर बसले आणि पाळी संपवून आलेल्या माणसासारखे सावकाश बुटांच्या नाड्या सोडू लागले. प्रणाली शेजारी टेकली. पिशवी तिनं मांडीवर घेतली आणि आतले गोटे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरली.

फोन वाजला. एका हातानं तिनं तो कानाला लावला.

"बोल, फायनल ना?" पलीकडून स्वानंदी. "ग्रुपवर टाकून देऊ? सगळे डोकं खाऊन राहिले."

"इथं नको. दुसरी जागा पाहू."

"काहून? आबा नाही म्हणाले?"

"मीच नाही म्हणून राहिली."

"अच्छा? आणि मॅडमना काय सांगणार? अगं, बंद पडलेली खदान ती. कोण आहे तिथं?"

प्रणालीनं झाडलेल्या वाटेकडे पाहिलं. ती खाणीच्या काळोखातून निघून थेट खोपटाच्या दारापर्यंत येत होती.

"राहतात इथं लोक," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

भात शिजल्याचा वास सुटला. भानुमतीनं आतून थाळ्या आणल्या आणि दाराबाहेर ओळीनं मांडल्या. तिघांना पुरतील त्याहून बऱ्याच जास्त होत्या. शेवटची थाळी मांडता मांडता ती थांबली. मान किंचित कलती झाली. मग तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला, नजर खाली वळवली आणि वाट मोकळी ठेवत एका बाजूला सरून उभी राहिली.

आबांनी वाटेवर पसरलेले पाय मागे घेतले.

प्रणालीनं खाणीकडे पाहिलं नाही. क्षणभर थांबून तिनंही आपले पाय जवळ ओढले.