ऐनपाड्याच्या रस्त्याची दवंडी

मी दवंडीचा डफ बोलतोय. आवाज जरा बसका येईल, सांभाळून घ्या. कातडं सैल पडलंय आणि शेकायला आता कुणी नाही. पंचायतीच्या कचेरीत दारामागं खिळ्याला टांगलेलं गोल काहीतरी दिसतं ना, तोच मी. येणारेजाणारे माझ्यावर छत्र्या अडकवतात. कुणी कुणी मला डफडं म्हणतात, त्याचा मला फार राग येतो. डफ म्हणा की! नाव तरी धड घ्या माणसाचं.

माझा जन्म नगरकडचा. लाकडाचं कडं आणि बकऱ्याचं कातडं, एवढाच माझा संसार. झुंबर नावाच्या तरण्या गड्यानं मला आपल्या हातानं मढवलं. तिकडं मी लग्नात वाजलो, जत्रेत वाजलो, एकदा तर वळू गावात शिरला तेव्हा त्याला हाकलायलाही वाजलो. मग पाऊस दगा द्यायला लागला. शेतात राम उरला नाही. बोईसर-तारापूरकडं मोठमोठी बांधकामं निघालीत, हाताला काम मिळतं, असं झुंबरच्या कानावर आलं. चौसष्ट साली त्यानं एका खांद्यावर वळकटी आणि दुसऱ्या खांद्यावर मला घेतलं आणि घाट उतरला.

इथली हवा मला पहिल्या दिवसापासून बाधली. दमट! कातडं ताणून राहायलाच तयार नाही. त्या वर्षी शिमग्याला झुंबरनं सालवडपलीकडच्या एका गावात मला शेकून शेकून वाजवलं. गावाचं नाव सांगत नाही, उगाच वाद नको. तिथल्या सरपंचांना पंचायतीसाठी शिपाई हवाच होता. वाजवणारा मिळाला, वाजायचं सामान त्याचं घरचंच, म्हणून त्यांनी झुंबरला ठेवून घेतलं. अशी मला सरकारी नोकरी लागली.

आता पंचायतीचं कसं असतं बघा. पावसाळाभर ती झोपलेली. भादवा सरला, ऊन तापायला लागलं, की तिला एकदम जाग येते. मग रोज दवंडी. उद्या विहिरीत औषध टाकणार, पाणी आधी भरून ठेवा. परवा देवी टोचणारे येणार, पोरं घरी ठेवा. दारापुढची गटारं उपसा. फवारणीवाले आले की भांडी बाहेर काढा. आणि सगळ्यात शेवटी ठरलेली दवंडी रस्त्याची.

गावातले लोक ती दवंडी एका कानानं ऐकायचे. झुंबरनं "ऐका हो ऐकाऽऽ" म्हणून सुरुवात केली, की ओट्यावरचा एखादा पान लावता लावता पुढचं वाक्य स्वतःच म्हणून दाखवायचा. हसायचे सगळे. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे त्यांना पाठच होतं. मला ते हसणं लागायचं, पण त्यात शहाणपण होतं हे आता पटतं.

ऐनपाड्याची गोष्ट वेगळी.

ऐनपाडा म्हणजे गावापासून लांब, टेकडीच्या पायथ्याशी वारल्यांची थोडी घरं. मध्ये एक नाला. नाल्यावरची मोरी कधीच वाहून गेलेली, तिथं नुसते धोंडे. आम्ही पाड्यावर पोचलो आणि झुंबरनं मला हाती घेतलं, की माणसं हातातलं काम ठेवून उभी राहायची. कापणी करणारे विळा खाली ठेवायचे. बोलणं संपेपर्यंत कुणी खोकायचंसुद्धा नाही. एवढा मान मला जन्मात कुठं मिळाला नव्हता. मी आपला फुगलो!

त्यामागचं कारण मला चिंधूकडून कळलं. चिंधू म्हणजे पाड्यावरचा एकुलता एक गाडीवाला. झुंबरनं त्याला एकदा विचारलं, गावात सगळे हसतात, तुम्ही लोक एवढं मन लावून कसं ऐकता? चिंधूला प्रश्नच विचित्र वाटला. त्यांच्यात कातडं वाजतं ते देवासाठी, लग्नात, नाहीतर माणूस गेल्यावर.

तो म्हणाला, "दादा, वाजवून कोण खोटा बोलल?"

चिंधूची बायको लाडकी मला शेकायला चुलीतला विस्तव आणून द्यायची. वर पेंढ्याची मूठ टाकायची आणि झुंबरला पाणी. आणि ओसरीवर चिंधूची आई ठमी बसलेली असायची. दोन्ही डोळ्यांनी आंधळी. मी वाजलो की मान डोलवायची.

या घराची गोष्ट तुम्हाला नीट सांगतो, कारण सगळं तिथंच अडलंय. पाड्यावरची माणसं दिवाळी झाली की मिठागरांवर कामाला जातात, ती होळीला परत येतात. चिंधू-लाडकीही जायची. ठमीला नेता येत नसे. तिकडं चहूकडं उघडी पाण्याची आगरं, आंधळं माणूस कुठं सांभाळणार? एका वर्षी म्हातारी मागं एकटी राहिली आणि चुलीत कोसळली. हात कोपरापर्यंत भाजला. कितीतरी दिवस कुणाला पत्ता नाही. तेव्हा लाडकीनं चंग बांधला, आता आईला टाकून जायचं नाही. चिंधूनं खपून गाडी उभी केली, बैलजोडी आणली, आणि रानातलं गवत कापून बोईसर स्टेशनजवळच्या वखारीवर न्यायला लागला. त्यामुळं त्यांना मिठागरावर जावं लागत नव्हतं.

लाडकी झुंबरला म्हणायची, "गाडी चालतंय तवर आमी घरी. गाडी बसली का मिठागर."

म्हणून रस्त्याची दवंडी ती दोघं जीव कानात आणून ऐकायची.

पहिल्या वर्षी आम्ही सांगितलं, रस्ता होणार, कडेची कुंपणं मागं घ्या. गावात एकानंही काटकी हलवली नाही. ऐनपाड्यानं दुसऱ्या दिवशी सगळी कुंपणं उपटली. रस्ता झाला नाही, बकऱ्यांनी नागली मात्र खाल्ली. पुढच्या वर्षी सांगितलं, दगड गोळा करून कडेला रचा, बाकीचं पंचायत बघेल. पाड्यानं टेकडीवरून धोंडे वाहून आणून ढीग लावले. एक दिवस ट्रक आले आणि ढीग उचलून दुसरीकडच्या कुठल्या तरी कामावर घेऊन गेले. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात! मला वाटलं, आता तरी हे लोक मला शिव्या घालतील. कुणी घातल्या नाहीत. म्हातारी ठमी तर म्हणाली, नेले असतील कुणाच्या तरी उपयोगाला, आपलाही येईल रस्ता.

तिसऱ्या वर्षी, दसरा झाल्यावर, ग्रामसेवक भाऊसाहेबांनी झुंबरला बोलावलं. वरून सांगून आलंय म्हणाले, ऐनपाड्याचा रस्ता पूर्ण झाला. आता नव्या रस्त्यावर लोखंडी चाकाच्या गाड्या आणायच्या नाहीत, रस्ता उखडतो. रबरी टायरच्या चालतील. गाडी दिसली की पंचायत ठेवून घेईल.

तुम्हाला खरं काय ते सांगतो. गावापासून नाल्यापर्यंत मुरूम पडला होता, वर रूळही फिरला होता. रस्ता बघायला आलेल्या साहेबांची जीप नाल्यापर्यंत आली आणि तिथूनच वळून गेली. नाल्यात आणि नाल्यापुढं पाड्यापर्यंत मुरमाचं घमेलंही पडलं नव्हतं.

झुंबर डोकं खाजवत उभा राहिला. "भाऊसाहेब, नाल्याफुडं तर कायबी झालं न्हाई."

भाऊसाहेब वर न बघता म्हणाले, "तुला वाजवायला ठेवलाय का रस्ता तपासायला?"

माणूस वाईट नव्हता हो. त्यालाही वरून कुणीतरी असंच बोललेलं असणार.

आम्ही पाड्यावर गेलो. लाडकीनं विस्तव आणला. मी खणखणीत वाजलो, झुंबरनं सगळं सांगितलं. रस्ता पूर्ण झाला आहे होऽऽ. लोखंडी चाकाची गाडी रस्त्यावर आणू नये होऽऽ. माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. समोर तर तेच खड्डे. पण नाल्याच्या पलीकडं मुरूम पडलाय हे त्यांनी पाहिलं होतं. दवंडी बरोबर असणार, इथवर यायला थोडं राहिलं असेल, असं त्यांनी आपापसात ठरवलं.

चिंधू चाकांकडं बघत राहिला. लाकडी चाकाला बाहेरून लोखंडी पट्टी असते, तिला धाव म्हणतात. तिच्यावरच सगळं चाक आवळलेलं असतं. रबरी टायर तर त्यानं फक्त बोईसरला पाहिलेले.

त्यानं विचारलं, "दादा, लोखंड नाय चालायचा. लाकूड चालल ना?"

झुंबरला वाटलं गडी चेष्टा करतोय. तो हसला आणि मला काखेत मारून पुढच्या पाड्याकडं निघाला. एक शब्द बोलला असता तर! पण ऊन डोक्यावर आलेलं, अजून दोन पाडे राहिलेले. माणसं अशीच असतात, आपलं सांगून झालं की निघतात.

पुढचं आम्ही लाडकीच्या तोंडून ऐकलं. चिंधूनं छिन्नी लावून दोन्ही चाकांच्या धावा उतरवल्या. त्याला काय कळत नव्हतं असं नाही, गाडी त्यानं स्वतः केलेली. धाव नसलेलं चाक फार दिवस टिकत नाही हे तो जाणून होता. पण वखारीची घाई होती, उशीर झाला की तिथं दुसऱ्यांचं गवत लागतं. त्याचा हिशेब एवढाच, की नाल्यापर्यंत बैल जपून हाकू, पुढं नवा रस्ता, तळहातासारखा. चार खेपा झाल्या की बघू टायरचं. लाडकी नको म्हणाली. पण दवंडीपुढं कोण बोलणार?

गवतानं भरलेली गाडी नाल्यात उतरली. धोंड्यावर डावं चाक आपटलं आणि आरे सुटून त्याचे तुकडे झाले. गाडी कलंडली. जुवाखाली एका बैलाचा पुढचा पाय मोडला. चिंधूनं दोर कापला म्हणून दुसरा वाचला. नव्या रस्त्याचा मुरूम तिथून हाकेवर होता हो! एवढ्यासाठी गेलं सगळं.

झुंबर ऐकून आला आणि जेवला नाही. भाऊसाहेबांकडं जाऊन तो पहिल्यांदा आवाज चढवून बोलला. भाऊसाहेब म्हणाले, धाव काढा असं आपण कुठं सांगितलं होतं? नव्हतंच सांगितलं, खरंय. सरकारी बोलण्यात चूक सापडत नाही, तीच तर रड आहे.

वाघबारस झाली, दिवाळी झाली आणि पाडा मिठागरांकडं निघाला. या वेळी चिंधू आणि लाडकीही निघाली. निघण्याआधी लाडकीनं गवताचा लांब दोर वळला. एक टोक दाराच्या खांबाला, दुसरं पाण्याच्या माठापाशी रोवलेल्या खुंटीला. म्हातारीनं दोर धरून जावं आणि दोर धरून यावं. तांदूळ भाजून ठेवले, चूल पेटवायची गरज पडू नये म्हणून. लांबच्या पाड्यातली सोमी अधूनमधून येऊन माठ भरेल असं ठरलं. लाडकी नाल्यापर्यंत रडत गेली म्हणे. चिंधूनं मोडक्या गाडीकडं पाहिलंसुद्धा नाही.

थोड्या दिवसांनी पुन्हा कुणी साहेब रस्ता बघायला येणार होते. भाऊसाहेबांनी झुंबरला दवंडी दिली, नाल्यात पडलेली गाडी मालकानं ताबडतोब उचलावी, नपेक्षा पंचायत जप्त करील. झुंबर म्हणाला, मालक मिठागरावर गेलाय, पाडा रिकामा हाय. भाऊसाहेब म्हणाले, आपण सांगितलं एवढं झालं म्हणजे झालं.

आम्ही गेलो. दारं दोरांनी बांधलेली. कोंबडीही नाही. ठमी ओसरीवर बसलेली, दोर मुठीत धरून. झुंबर अंगणात उभा राहिला आणि रिकाम्या घरांना त्यानं दवंडी सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता. मी तेव्हा इतका वाईट वाजलो, की माझी मलाच लाज वाटली.

"दादा का रं?" ठमीनं विचारलं.

"व्हय आजी."

"रस्ता झाला?"

झुंबरनं वाजवायचं टिपरू काखेत धरलं आणि निघायला वळला. पायांचा आवाज ऐकून म्हातारी घाईनं उठली आणि दोर धरून अंगणाच्या कडेपर्यंत आली. पुढं दोर नव्हता.

ती म्हणाली, "जाऊ नको. काय सांगायचा तो नको सांगू. नुसता वाजव. कोणी आल्यासारखा वाटतंय."

झुंबर खाली बसला आणि वाजवत राहिला. साहेबांची जीप नाल्यापलीकडं येऊन परत गेली तरी तो वाजवत होता.

होळीला पाडा परतला तेव्हा ठमी नव्हती. सोमीला ती माठाजवळ सापडली होती. लाडकीनं कुणाला बोल लावला नाही. झुंबरला मात्र तिनं पुन्हा कधी विस्तव आणून दिला नाही, आणि त्यानं मागितलाही नाही. त्याच वर्षी त्यानं नोकरी सोडली. मला बरोबर नेलं नाही. खिळ्याला लावताना हातही फिरवला नाही माझ्यावरून. मी काय म्हणणार?

आता पंचायत जीपवर भोंगा लावून सगळं सांगते. रस्त्याचंही सांगते, दर वर्षी, दसऱ्यानंतर. भोंग्याची जीप नाल्यापर्यंत जाते आणि तिथूनच वळते.

मला कुणी खाली काढायला आलं तर एवढं ऐका. नवं कातडं चढवू नका. शेकू नका. छत्र्या अडकवा खुशाल, पण वाजवू नका. रस्ता खरंच झाला, तर तो लोकांना पायाखाली कळेल. त्याला डफ लागत नाही.